धातूच्या नॅनोकणांचं आकारमान आणि वायूंचं अधिशोषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्प्रेरकांवर काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि प्रयोगशाळेत वायू-अधिशोषणाचं उपकरण पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. रसायनशास्त्राची पदवीपर्यंतची ओळख गृहीत धरली आहे.

अधिशोषण आणि उत्प्रेरण यांचा संबंध नेमका काय?

वायूचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर येऊन चिकटला, की अधिशोषण झालं. तो नुसत्या दुबळ्या आकर्षणाने चिकटला तर ते भौतिक अधिशोषण. धातूच्या अणूशी खरा बंध तयार झाला तर रासायनिक. उत्प्रेरणात कामाला येतं ते मुख्यतः रासायनिक अधिशोषण, कारण त्यातच रेणूचे जुने बंध सैल होतात किंवा तुटतात. हायड्रोजनचा रेणू प्लॅटिनमवर बसला की त्याचे दोन सुटे अणू होतात आणि ते पुढच्या अभिक्रियेसाठी मोकळे असतात. वायू पृष्ठभागावर किती बसतो, किती घट्ट बसतो आणि नेमका कुठे बसतो, या तीन गोष्टींवर अभिक्रियेचा वेग ठरतो. कणाचं आकारमान बदललं की या तिन्ही गोष्टी बदलतात, पण एकाच दिशेने बदलतील असं नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

कण लहान केला की पृष्ठभाग वाढतो. आकारमानाचा परिणाम म्हणजे एवढंच ना?

नाही. पृष्ठभाग वाढतो हे खरंच आहे, आणि प्लॅटिनम किंवा रुथेनियमसारख्या महागड्या धातूंच्या बाबतीत ते फार मोलाचंही आहे. पण पृष्ठभागावरच्या अणूंची जातकुळीसुद्धा बदलते, आणि माझ्या मते खरा विषय तो आहे.

प्लॅटिनमचा 55 अणूंचा एक सुबक कण घ्या. त्याला आठ त्रिकोणी आणि सहा चौकोनी बाजू असतात आणि तो जेमतेम 1.4 नॅनोमीटर रुंद असतो. त्यातले 42 अणू, म्हणजे 76 टक्के, पृष्ठभागावर असतात. या 42 पैकी 12 अणू कोपऱ्यांवर, 24 कडांवर आणि फक्त 6 चौकोनी बाजूंच्या मधोमध असतात. त्रिकोणी बाजूंच्या आत तर एकही अणू उरत नाही. त्या बाजू नुसत्या कडा-कोपऱ्यांच्याच बनलेल्या असतात.

आता याच घडणीचा 561 अणूंचा, सुमारे 3 नॅनोमीटरचा कण पाहा. पृष्ठभागावर 252 अणू, म्हणजे 45 टक्के. त्यांत कडा-कोपऱ्यांवरचे 108 आणि सपाट भागावरचे 144. पहिल्या कणात पृष्ठभागावरचे 86 टक्के अणू कडा-कोपऱ्यांचे होते, दुसऱ्यात ते 43 टक्क्यांवर आले. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा, पण वायूच्या रेणूला समोर दिसणारा पृष्ठभाग पार बदलला.

कडेचा अणू आणि सपाट भागावरचा अणू, दोघेही प्लॅटिनमचेच. मग वायूला फरक का पडावा?

कारण शेजारी. प्लॅटिनमच्या स्फटिकात आतल्या अणूला 12 शेजारी असतात. सर्वांत दाट सपाट पृष्ठावर, ज्याला 111 पृष्ठ म्हणतात, 9. चौकोनी मांडणीच्या 100 पृष्ठावर 8. वर सांगितलेल्या कणांच्या कडेवर 7 आणि कोपऱ्यावर 5. ज्याला शेजारी कमी, त्याच्याकडे नव्या बंधासाठी वाव जास्त.

इलेक्ट्रॉनांच्या भाषेत सांगायचं तर धातूच्या डी-इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा शेजारी कमी झाले की अरुंद होतो. प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंमध्ये त्यामुळे पट्ट्याचा मध्य वर, फर्मी पातळीकडे (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांच्या वरच्या सीमेकडे) सरकतो. तो जितका वर, तितका कार्बन मोनॉक्साइड किंवा ऑक्सिजनशी होणारा बंध मजबूत. हामर आणि नॉर्सकोव्ह यांनी 1995 च्या सुमारास मांडलेलं हे प्रतिमान आजही पृष्ठरसायनात रोज वापरलं जातं. त्याच्या मर्यादा आहेत, पण कुठला अणू वायूला जास्त घट्ट धरेल याचा पहिला अंदाज बांधायला याहून सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे कण जितका लहान, तितका वायू घट्ट बसणार?

हा निष्कर्ष सर्रास काढला जातो, पुस्तकांतही सापडतो. पण मोजमापं तसं सांगत नाहीत.

बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत पॅलेडियमच्या नॅनोकणांवर कार्बन मोनॉक्साइड बसताना बाहेर पडणारी उष्णता अतिसंवेदनशील उष्णतामापकाने थेट मोजली गेली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत कण लहान होत गेले तशी सुरुवातीची अधिशोषण-उष्णता कमी होत गेली. सपाट 111 पृष्ठावर ती सर्वांत जास्त होती. कमी शेजाऱ्यांचा नियम जर एकटाच काम करत असता, तर नेमकं उलट दिसायला हवं होतं.

इथे दुसरी कारणंही कामाला लागतात. लहान कणात पृष्ठताणामुळे अणू एकमेकांच्या जवळ ओढले जातात, जाळी आक्रसते. अणू जवळ आले की डी-पट्टा रुंदावतो, त्याचा मध्य खाली जातो आणि बंध सैल पडतो. शिवाय लहान कणात रेणूखाली धातूचे अणूच कमी असल्यामुळे दूरवरून मिळणारं व्हॅन डर वाल्स आकर्षणही घटतं. कमी शेजारी बंध घट्ट करतात, आक्रसलेली जाळी आणि कमी धातू तो सैल करतात. कोण वरचढ ठरेल ते वायू कोणता आणि आकारमान किती यावर अवलंबून.

त्याच संस्थेत पुढे ऑक्सिजन मोजला तेव्हा ही ओढाताण स्वच्छ दिसली. काही नॅनोमीटरच्या कणांवर ऑक्सिजन सपाट पृष्ठापेक्षा जास्त घट्ट बसला, कारण तिथे कडा उपलब्ध होत्या. पण कण आणखी लहान केले तशी ती पकड पुन्हा ढिली होत गेली. धातू तोच, आधारही (म्हणजे कण ज्यावर बसवलेले असतात तो पदार्थ) तोच, तरी दोन वायूंचे कल वेगळे. "लहान म्हणजे घट्ट" हे सूत्र म्हणून पाठ करू नका, एवढी कळकळीची विनंती.

बंध थोडासा कमी-जास्त झाला तर काय मोठं बिघडतं?

बरंच. लँगम्युअरच्या साध्या समीकरणात अधिशोषणाचा समतोल स्थिरांक ऊर्जेच्या घातांकात वाढतो. फक्त 10 किलोज्यूल प्रति मोल इतका फरक 300 केल्व्हिनला त्या स्थिरांकात सुमारे 55 पट बदल घडवतो, 500 केल्व्हिनला सुमारे 11 पट. प्रयोगातल्या चुकीएवढा वाटणारा आकडा पृष्ठभाग रिकामा आहे की गच्च भरलेला, हे ठरवून टाकतो.

घट्ट बसणं चांगलं की वाईट?

दोन्ही टोकं वाईट. वायू फार सैल बसला तर काही घडण्याआधीच उडून जातो. फार घट्ट बसला तर जागा अडवून ठेवतो. साबातिए यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व ते हेच. इंधनघटातल्या प्लॅटिनमवर याचा प्रत्यय येतो: कण अगदी लहान झाले की ऑक्सिजनयुक्त तुकडे कडांवर अडकून बसतात, आणि पृष्ठभागाच्या दर एककामागे मिळणारी सक्रियता घसरते. दर ग्रॅम प्लॅटिनममागे सर्वाधिक फायदा म्हणूनच साधारण 2 ते 4 नॅनोमीटरच्या टापूत मिळतो, त्याखाली नाही.

नायट्रोजनसारख्या हट्टी रेणूचं काय?

मला स्वतःला हे उदाहरण सर्वांत आवडतं, कारण इथे प्रश्न बंधाच्या ताकदीपेक्षा जागेच्या घडणीचा आहे.

अमोनिया बनवताना नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडावा लागतो. रुथेनियमच्या सपाट पृष्ठावर तो जवळजवळ तुटतच नाही. तुटतो तो पायरीपाशी, म्हणजे एक अणुथर संपून खालचा थर सुरू होतो त्या जागी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 1999 मध्ये एकस्फटिकी रुथेनियमवर पायऱ्यांच्या कडा झाकण्यापुरतं अगदी थोडं सोनं टाकलं आणि नायट्रोजनचं विघटन जवळपास थांबलं. 500 केल्व्हिनला पायरीवरचा वेग सपाट भागावरच्या वेगाच्या किमान अब्जपट निघाला. पृष्ठभागाचा एखाद-दुसरा टक्का सगळं काम करत होता आणि उरलेला नुसता पसरलेला होता.

अशा जागेला पाच अणूंची एक विशिष्ट मांडणी लागते. ती फार लहान कणावर मावत नाही. फार मोठ्या कणावर मावते, पण एकूण पृष्ठभागाच्या मानाने विरळ होते. साधारण 2 नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांवर तिचं प्रमाण सर्वाधिक असतं असं कणांच्या भूमितीवरून दिसतं. इथे एक नॅनोमीटरचा कण दोन नॅनोमीटरच्या कणापेक्षा वाईट ठरू शकतो, पृष्ठभाग जास्त असूनही.

सोनं तर निष्क्रिय धातू. त्याच्या नॅनोकणांचा एवढा गाजावाजा का?

सोन्याच्या सपाट पृष्ठावर सामान्य तापमानाला कार्बन मोनॉक्साइड टिकत नाही, हायड्रोजन तुटत नाही, ऑक्सिजनचा रेणू ढुंकून बघत नाही. अशा धातूचे काही नॅनोमीटरचे कण योग्य ऑक्साइडवर बसवले, तर कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीकरण शून्य अंशाच्या खूप खालीही होतं, हे जपानमध्ये मासाताके हारुता आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं. पुढे 1998 मध्ये टेक्सासमधल्या गुडमन यांच्या गटाने टायटानियम ऑक्साइडवरच्या सोन्यात सुमारे 3 नॅनोमीटरला सक्रियतेचं शिखर दाखवलं.

कारण काय, यावर मात्र बराच खल झाला. गुडमन यांच्या गटाने दोन अणुथर जाडीच्या कणांमध्ये धातूपण कमी होतं यावर भर दिला. इतरांनी कडा-कोपऱ्यांवरच्या कमी शेजाऱ्यांच्या अणूंना श्रेय दिलं, आणखी काहींनी सोनं जिथे ऑक्साइडला टेकतं त्या परिघाला. मला परिघाचा वाटा मोठा वाटतो: आधार बदलला की त्याच आकारमानाच्या सोन्याची सक्रियता कमालीची बदलते, आणि केवळ कडा-कोपऱ्यांवर बोट ठेवून याचं उत्तर मिळत नाही.

आकारमानाचा परिणाम सगळ्याच अभिक्रियांवर होतो का?

नाही. उत्प्रेरणाचे अभ्यासक बुदार यांनी 1960 च्या दशकातच आकारमानाने हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या अभिक्रिया अशी विभागणी मांडली होती. इथिलीनमध्ये हायड्रोजन मिळवण्यासारख्या अभिक्रियेत दर पृष्ठ-अणूमागचा वेग कणाच्या आकारमानाने फारसा हलत नाही. कार्बन-कार्बन किंवा नायट्रोजन-नायट्रोजन बंध तोडायचा असेल तिथे खूप हलतो.

मग उद्योगात सरसकट सर्वांत लहान कण का वापरत नाहीत?

कोबाल्टचं उदाहरण यावर पुरेसं बोलकं आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन बनवणाऱ्या फिशर-ट्रॉप्श अभिक्रियेत नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटाने 2006 मध्ये कार्बन तंतूंवर वेगवेगळ्या आकारमानांचे कोबाल्ट कण तपासले. कण लहान करत 1 बार दाबाला 6 नॅनोमीटरपर्यंत आणि 35 बारला 8 नॅनोमीटरपर्यंत आणले तरी दर पृष्ठ-अणूमागची सक्रियता जवळपास स्थिर राहिली. त्याखाली मात्र ती घसरत गेली. नंतरच्या मोजमापांत दिसलं की लहान कणांवर कार्बन मोनॉक्साइडचा मोठा भाग न सुटणारा होऊन बसतो, जागा अडतात.

चांदी तर आणखी पुढे जाते. इथिलीनपासून इथिलीन ऑक्साइड बनवणाऱ्या औद्योगिक उत्प्रेरकांत चांदीचे कण काही नॅनोमीटरचे नसून त्याच्या कितीतरी पट मोठे, शंभर नॅनोमीटरच्या घरातले किंवा त्याहून मोठे असतात, कारण हवा तो पदार्थ तिथेच जास्त मिळतो.

पॅलेडियममध्ये हायड्रोजन आतही शिरतो म्हणतात. मग काय मोजायचं?

शिरतो, आणि भरपूर शिरतो. ठोकळ्याच्या रूपातलं पॅलेडियम सामान्य तापमान-दाबाला दर धातू-अणूमागे 0.6 पेक्षा जास्त हायड्रोजन अणू पोटात घेतं. कण लहान झाले की हे प्रमाण घटतं आणि दाब आणि शोषलेला हायड्रोजन यांच्या आलेखातली समतोल दाबाची सपाट रेषा तिरकी होते. पृष्ठभागच मोजायचा असेल तर दाब कमी ठेवा, तापमान थोडं वाढवा, म्हणजे हायड्राइड बनणार नाही. किंवा सरळ कार्बन मोनॉक्साइड वापरा. तो आत शिरत नाही.

अधिशोषणावरून कणाचं आकारमान कसं काढतात?

एक गणित करून पाहू. 1 ग्रॅम उत्प्रेरक, त्यात वजनाने 1 टक्का प्लॅटिनम. म्हणजे 10 मिलिग्रॅम, 51.3 मायक्रोमोल धातू. उपकरणात त्याने 12.8 मायक्रोमोल हायड्रोजन वायू रासायनिकरीत्या धरला. रेणू तुटून दोन अणू होतात, म्हणजे 25.6 मायक्रोमोल हायड्रोजन अणू. दर पृष्ठ-अणूवर एक हायड्रोजन असं धरलं तर 51.3 पैकी 25.6 अणू पृष्ठभागावर, म्हणजे डिस्पर्शन (पृष्ठभागावरच्या अणूंचा एकूण अणूंमधला वाटा) 50 टक्के. कण गोल आहेत असं मानलं की प्लॅटिनमसाठी व्यास नॅनोमीटरमध्ये साधारण 1.1 भागिले डिस्पर्शन येतो, इथे 2.2 नॅनोमीटर.

गणित सोपं आहे, खाचखळगे गृहीतकांत आहेत. "दर अणूला एक हायड्रोजन" हे प्लॅटिनमच्या मध्यम कणांना चालतं. अतिलहान ऱ्होडियम किंवा इरिडियम कणांवर दर धातू-अणूमागे एकापेक्षा बराच जास्त हायड्रोजन बसलेला मोजला गेला आहे, त्यामुळे डिस्पर्शन 100 टक्क्यांच्या वर जातं. कार्बन मोनॉक्साइड तर एका अणूवर सरळ उभा राहू शकतो किंवा दोन अणूंमध्ये पूल टाकून बसू शकतो, आणि या दोन पद्धतींचं प्रमाण कणाच्या आकारमानानुसार बदलतं. ज्या आकारमानाचा शोध घ्यायचा, तेच मोजपट्टीची लांबी बदलतं! म्हणून अवरक्त वर्णपट सोबत घ्यावा: सरळ बसलेला रेणू 2000 ते 2100 प्रति सेंटिमीटरच्या दरम्यान दिसतो, पुलासारखा बसलेला 1850 च्या आसपास.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण 2-3 नॅनोमीटरचे दिसतात, अधिशोषण 8 सांगतं. कोण चुकतंय?

कदाचित कोणीच नाही. समजा नमुन्यात 2 नॅनोमीटरचे नऊ कण आणि 10 नॅनोमीटरचा एक आहे. कण मोजून सरासरी काढली तर 2.8 येते. अधिशोषण मात्र एकूण घनफळ आणि एकूण पृष्ठभाग यांचं गुणोत्तर पाहतं. त्या हिशेबाने सरासरी 7.9 येते. धातूचा बहुतांश भाग त्या एकाच थोराड कणात दडलेला आहे, आणि सूक्ष्मदर्शकाच्या पाच-दहा चित्रांत तो नजरेतून सुटूही शकतो. दोन पद्धतींची तुलना करण्याआधी सरासरी कोणत्या प्रकारची आहे ते विचारा.

हे जुळवूनही तफावत उरली तर पुढचे संशयित असे. क्लोरीनयुक्त क्षारापासून उत्प्रेरक बनवला असेल, तर उरलेलं क्लोरीन जागा अडवतं. क्षपण अपुरं झालं असेल तर काही धातू ऑक्साइडच राहतो. आधार टायटानियम ऑक्साइडचा असेल, तर क्षपणाचं तापमान आधी पाहा: 200 अंश सेल्सिअसला क्षपण केलेला असा उत्प्रेरक हायड्रोजन व्यवस्थित धरतो, 500 अंशांना केलेला जवळजवळ धरतच नाही, कण मात्र तेवढेच राहतात. 1978 मध्ये टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी हे नोंदवलं. अर्धवट क्षपित ऑक्साइडचा पातळ थर धातूवर चढतो हे नंतर उमगलं. ऑक्सिजनमध्ये तापवून सौम्य तापमानाला पुन्हा क्षपण केलं की अधिशोषण परत येतं. हीच ओळखण्याची खूण, कारण कण खरोखर वाढले असते तर ते असं परत आलं नसतं.

उलटी चूकही होते. धातूवर तुटलेला हायड्रोजन आधारावर ओसंडतो आणि आकारमान खोटं लहान दिसतं.

अभिक्रिया चालू असताना कण तसाच राहतो का?

क्वचितच. झिंक ऑक्साइडवरचे तांब्याचे कण हायड्रोजनमध्ये एक रूप घेतात, त्यात पाण्याची वाफ मिसळली की गोलसर होतात, आणि वायू पूर्ववत केला की पुन्हा मूळ रूपाकडे येतात. 2002 मध्ये वायूच्या उपस्थितीत चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे दाखवलं. वायू कणावर बसतो आणि कणाची घडणही बदलतो. निकेलवर कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइड सोडला तर बाष्पनशील निकेल कार्बोनिल बनून धातूच वाहून जाऊ शकतो. तो विषारी आहे, त्यामुळे निकेलच्या उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइडने मोजमाप करायचा मोह टाळा, हायड्रोजनच वापरा.

एकेक सुटा अणू वापरला तर?

तर डिस्पर्शन 100 टक्के, पण शेजारी धातूचा अणूच नाही. कार्बन मोनॉक्साइडला पूल टाकता येत नाही. ज्या रेणूला तुटण्यासाठी तीन-चार अणूंचा समूह लागतो, त्याला इथे जागा नाही. 2011 मध्ये लोह ऑक्साइडवरच्या सुट्या प्लॅटिनम अणूंनी कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीकरण उत्तम होतं हे दाखवलं गेलं आणि क्षेत्र झपाट्याने वाढलं. सुटा अणू ऑक्साइडशी बांधलेला, बहुधा धनभारित असतो. त्याला नॅनोकणाचं सर्वांत लहान रूप न समजता वेगळा पदार्थ समजावं, असं माझं ठाम मत आहे.

संगणकीय गणनांवर किती विसंबावं?

कलांवर बऱ्यापैकी, निरपेक्ष आकड्यांवर जपून. प्लॅटिनमच्या 111 पृष्ठावर कमी प्रमाणात असलेला कार्बन मोनॉक्साइड प्रयोगात एका अणूच्या थेट माथ्यावर बसतो. प्रचलित घनता-फलन पद्धतींनी मात्र तीन अणूंमधल्या खळग्याला पसंती दिली. 2001 पासून हे कोडं चर्चेत आहे. एवढ्या साध्या प्रणालीत जागाच चुकत असेल, तर दोन कणांमधल्या 10 किलोज्यूलच्या फरकावर निष्कर्ष बांधताना दोनदा विचार करावा.

माझ्या प्रयोगात दिसतोय तो परिणाम आकारमानाचाच आहे, हे कसं ठरवू?

आकारमान बदलण्यासाठी तुम्ही आणखी काय बदललंत ते आधी कागदावर लिहा. धातूचं प्रमाण वाढवून कण मोठे केले असतील, तर दर ग्रॅम आधारामागे उरलेलं क्लोरीनही वाढलं असेल. तापवून मोठे केले असतील, तर आधारावरचे हायड्रॉक्सिल गट गेले असतील. शक्यतो एकच आकारमानमालिका दोन वेगळ्या मार्गांनी बनवा, आणि दोन्ही मालिकांचे बिंदू एकाच वक्रावर पडतात का ते पाहा. वक्र काढताना आडव्या अक्षावर नॅनोमीटर घालून झाले, की तोच आलेख कडा-कोपऱ्यांच्या अणूंचा अंश आडव्या अक्षावर घेऊन पुन्हा काढा. बिंदू सरळ रेषेत आले, तर अभिक्रिया त्या जागांवर चालते या म्हणण्याला बळ मिळतं. मधेच शिखर आलं, तर पायरीसारख्या विशिष्ट मांडणीचा संशय घ्या आणि रुथेनियमवर सोन्याने केलं तसं काहीतरी करून ती जागा निवडून झाकता येते का ते तपासा.